आपली हरकत नाही ना? – हुबळीची गाडी, विडी आणि कायदा

सज्ञान माणसाला विडी-सिगारेट ओढण्याचा कायदेशीर हक्क आहे का? प्रश्न साधा वाटतो. एका वकील मित्राला विचारला तर तो हसला. म्हणाला, "तुला कशाला हवा? तू तर ओढत नाहीस!" खरे आहे, मी ओढत नाही. पण आपण जे करत नाही ते दुसऱ्याला करू द्यायचे की नाही, तिथेच तर हक्काची परीक्षा असते. म्हणून जुने कायदे चाळत बसलो, आणि गंमत म्हणजे धागा सापडला तो रेल्वेच्या कायद्यात. तोही आपल्या ओळखीच्या वाटेवर... मुरगाव, कुळे, कॅसलरॉक, लोंढा, अळणावर, धारवाड, हुबळी.

गोव्यातल्या माझ्या पिढीला हुबळी-धारवाड परके नाही. मुक्तीपूर्वी इंग्रजी शिकायला घाट चढून बेळगाव-धारवाडला जाणारी मुले होती, आजही जाणारी आहेत. मुरगावचा लोहमार्ग १८८० च्या दशकात घाट चढून ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळाला. वरची रेल्वे होती सदर्न मराठा रेल्वे, आणि १९०२ पासून गोव्यातला मार्गही तीच चालवू लागली. तिचा कारखाना हुबळीत आणि मुख्य कचेरी धारवाडात. त्या कचेरीच्या इमारतीत पुढे १९१७ साली सुरू झालेले कर्नाटक कॉलेज आले. ही इमारत लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा तिच्याकडे यायचे आहे.

तर या मार्गावर, कॅसलरॉकच्या वरच्या ब्रिटिश हद्दीत, लागू होता १८९० चा भारतीय रेल्वे कायदा. त्याचे ११० वे कलम धूम्रपानाचे. त्याचा मतलब असा, की धूम्रपानासाठी खास ठेवलेला डबा सोडून इतर डब्यात कुणी सहप्रवाशांच्या संमतीवाचून ओढले तर वीस रुपयांपर्यंत दंड. रेल्वेच्या नोकराने बजावूनही ऐकले नाही तर डब्यातून खाली उतरवण्याचीही तरतूद. त्या काळी वीस रुपये ही काही लहान रक्कम नव्हती.

हे कलम मला फार आवडले. त्यात आरोग्याचा शब्द नाही. असणार कसा? सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध पक्का दाखवणारी मोठी संशोधने आली ती १९५० साली, म्हणजे आणखी साठ वर्षांनी. हे कलम शिष्टाचाराचे आहे. ओढणाऱ्याला ते वाईट म्हणत नाही, चांगलेही म्हणत नाही. ते एवढेच म्हणते, की बाबा रे, डबा तुझ्या एकट्याचा नव्हे, बाजूच्याला विचार. आणि दुसरे म्हणजे, निर्णय सरकारने स्वतःकडे ठेवला नाही, समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे दिला. हक्क म्हणाल तर तो असा दोन प्रवाशांच्या मधोमध होता.

प्रत्यक्षात काय चालायचे ते मी लहानपणी पाहिले आहे. तेव्हा मीटर गेजची गाडी होती. कुळ्याला मागे इंजिन लागायचे, घाट चढून लोंढ्याला पोचेपर्यंत जेवणाचे डबे उघडून पुन्हा बंद झालेले असायचे. अळणावरला शेतकरी मंडळी चढायची. बसल्यावर चंची निघे, तिच्यातून विडी निघे, आणि ती पेटवण्याआधी माणूस समोरच्याकडे बघून हात किंचित वर करी. शब्द नाही, नुसता हात. समोरचा मान हलवी. की काडेपेटी ओढली जाई. त्याला मराठी येत नसे, माझ्या वडिलांना कानडी बेताचीच, पण हा करार दोघांना पाठ होता. ११० वे कलम त्या दोघांपैकी कुणी वाचलेले असण्याचा प्रश्नच नव्हता.

पण त्याच डब्यात खिडकीशी माझी आई नाकाला पदर लावून बसलेली असायची. तिला कुणी हात दाखवला नाही. कधीच नाही! संमती विचारली जायची ती पुरुषाने पुरुषाला. मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई, खोकणारी म्हातारी, मी, ही माणसे कायद्याच्या भाषेत सहप्रवासीच होती, पण त्या हाताच्या इशाऱ्यात नव्हती. जुन्या सभ्यतेचे गोडवे गाताना आपण हे विसरतो. संमतीवर चालणारी व्यवस्था फार सुंदर असते, फक्त संमती कुणाची घ्यायची हे ठरवणारे दोघेच असतात!

आता पुढचे पाऊल बघा. १९८९ साली नवा रेल्वे कायदा झाला, तो १९९० च्या जुलैपासून अमलात आला. त्यात हे कलम १६७ वे. वाटेल की शंभर वर्षांत ते कडक झाले असेल. उलट झाले! नव्या कलमाची सुरुवात अशी, की डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढायचे नाही. दंड शंभर रुपयांपर्यंत. १८९० साली आधी संमती हवी होती, म्हणजे गप्प बसणे हा होकार नव्हता. १९८९ साली हरकत हवी, म्हणजे गप्प बसणे हाच होकार. माझ्या आईसारख्या कधी न बोलणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक केवढा आहे, विचार करा. त्याच कलमात रेल्वेला एखाद्या गाडीत किंवा गाडीच्या भागात पूर्ण बंदी घालायचा अधिकार दिला होता, तेवढीच सोय.

म्हणजे धूम्रपानाचा कायदा सैलाकडून कडकाकडे सरळ रेषेत चालत आला, ही आपली समजूत चुकीची आहे. तो आपल्या घाटातल्या गाडीसारखाच वळणे घेत आला.

थोडे मागे जाऊ. तंबाखू आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी, हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. ती मोगल दरबारी कशी पोचली ते अकबराचा दरबारी असद बेग याने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला होता. तिथे त्याने तंबाखू प्रथम पाहिली आणि चिलमीसकट अकबरापुढे नेऊन ठेवली. धारवाडचा मुलूख तेव्हा याच आदिलशाहीतला. अकबरापुढे लगेच वाद झाला. हकीम म्हणाला, आपल्या वैद्यकात हिचा उल्लेख नाही, बादशहाने ओढू नये. असद बेगचे म्हणणे, नवीन वस्तू केवळ नवीन म्हणून टाकायची का? पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. आणि हा जहांगीरच आपल्या आठवणींत सांगतो की इराणच्या शाह अब्बासनेही बंदी केली होती, पण जहांगीरचा वकील खान आलम तिथे होता आणि त्याला हुक्क्यावाचून घडीभर राहवत नसे. ते कळल्यावर शहाने त्याला मोकळीक दिली. धूम्रपानबंदीला सवलत मागणारा आणि मिळवणारा हा मोगल वकील मला फार आधुनिक वाटतो.

गोव्यात पोर्तुगीजांनी बंदीबिंदीच्या भानगडीत न पडता मक्ता केला. तंबाखूच्या कारभारासाठी लिस्बनला १६७४ साली एक मंडळच नेमले गेले, ब्राझीलमधल्या बाईयाची तंबाखू जहाजातून गोव्याला येई. कुणी ओढावी याच्याशी राज्याला देणेघेणे नव्हते, कुणी विकावी याच्याशी होते.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे, मुभा. 'हक्क' नाही, 'परवानगी'ही नाही. मुभा आली अरबीतल्या 'मुबाह' वरून. इस्लामी धर्मशास्त्रात जे कृत्य ना सांगितलेले, ना निषिद्ध, केले तर पुण्य नाही, नाही केले तर पाप नाही, ते मुबाह. सज्ञान माणसाच्या धूम्रपानाला भारतात आज जे काही कायदेशीर स्थान आहे, ते मला या एका शब्दात सापडते. घटनेने त्याला हक्क दिलेला नाही, कायद्याने त्याला गुन्हाही केलेले नाही. पण मुभेची खोड अशी, की तिच्यावर कुणी हात टाकला तर 'माझी आहे' म्हणून ओरडायला जागा थोडी.

दारूच्या बाबतीत मात्र एकाने ओरडून पाहिले होते, आणि ती गोष्ट हुबळी-धारवाडचीही आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा धारवाड जिल्ह्यालाही लागू होता. म्हणजे कॅसलरॉकच्या वर कोरडे आणि खाली पोर्तुगीज गोव्यात फेणी, असा सगळा मामला. या कायद्याविरुद्ध मुंबईचे एफ. एन. बलसारा न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते, मला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर जवळ बाळगायची आणि प्यायची मोकळीक हवी. यादीत कोलोन वॉटरसुद्धा होते. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदी वैध. पण औषधे आणि कोलोनसारख्या वस्तूंवरची बंदी गेली, आणि दारूची वाखाणणी करणे हा गुन्हा ठरवणारे कलमही घटनेतल्या भाषणस्वातंत्र्यापुढे टिकले नाही. म्हणजे धारवाडच्या माणसाला दारू पिता येत नव्हती, पण चौकात उभे राहून तिची स्तुती करता येत होती. तंबाखूचे आज नेमके उलटे आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने सिगारेट ओढायला मुभा ठेवली, तिची जाहिरात करायची नाही!

त्या २००३ च्या कायद्यापर्यंत कसे आलो ते झटपट सांगतो. आपल्या गोव्याने १९९७ सालीच धूम्रपान व थुंकणे बंदीचा कायदा केला, दिल्लीने त्याच्या आदल्या वर्षी. १९९९ साली रेल्वेने स्थानकांवर विडी-सिगारेट विकणे बंद केले. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने ठरवले की सार्वजनिक जागी ओढणे म्हणजे दुसऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर, घटनेच्या २१ व्या अनुच्छेदावर, घाला आहे. मग नोव्हेंबर २००१ मध्ये मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभर इस्पितळे, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, कचेऱ्या आणि रेल्वेसकट सार्वजनिक वाहने यांत बंदी केली. संमती नाही, हरकत नाही, विषय संपला. नाकाला पदर लावून बसणाऱ्या बाईला जे सहप्रवाशाने एकशे अकरा वर्षांत दिले नाही, ते न्यायालयाने एका आदेशात दिले. यात ओढणाऱ्याचे काही गेले असेल तर ते मुळात त्याचे नव्हतेच असे मी मानतो.

मात्र पुढे जे झाले ते मला इतके सरळ वाटत नाही. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक जागेची व्याख्या करताना एक दार उघडे ठेवले होते. त्यात मोकळ्या जागेचा समावेश नाही, असे स्पष्ट लिहिले होते. २ ऑक्टोबर २००८ पासून जे नियम आले त्यांनी सांगितले की रेल्वे स्थानक, बसथांबा, क्रीडांगणाचे स्टेडियम या 'मोकळ्या जागा' धरायच्या नाहीत. हुबळीच्या सिद्धारूढ स्वामी स्थानकात २०२३ साली १५०७ मीटर लांबीचा फलाट सुरू झाला, जगातला सर्वांत लांब. त्याच्या टोकाला उभे राहिलात तर स्थानकाच्या गर्दीचा आवाजही धड येत नाही. पण कायद्याच्या डोळ्यांना ती जागा मोकळी नाही. तिथून बाहेर रस्त्यावर आलात की मोकळी. मोठ्या हॉटेलांना, म्हणजे तीस खोल्या किंवा तीस खुर्च्यांच्या वर असलेल्यांना, धूम्रपानाची वेगळी जागा ठेवायची सवलत मिळाली. चहाच्या टपरीवाल्याला नाही. मुभेलाही ऐपत लागते तर!

आणि न्यायालयात कोण गेले ते पाहा. चित्रपटातल्या धूम्रपानाच्या दृश्यांवर बंदी आली, महेश भट दिल्ली उच्च न्यायालयात गेले, २००९ साली तिथे जिंकले. मुंबई महापालिकेने हुक्क्यावर जाचक अटी घातल्या, उपाहारगृहवाले गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, की कायद्याने धूम्रपानाची जागा मान्य केली आहे तर नगरपालिकेने तिच्यात नव्या अटी घुसडू नयेत. पाकिटावर ८५ टक्के जागेत इशाऱ्याचे चित्र हा नियम आला, सिगारेट कंपन्यांची संघटना गेली. देशभरचे खटले कर्नाटक उच्च न्यायालयात एकत्र झाले, १५ डिसेंबर २०१७ ला त्या न्यायालयाने नियम रद्द केला आणि तीन आठवडे होतात न होतात तोच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. विकणारा गेला, दाखवणारा गेला, हॉटेलवाला गेला. यातल्या एकाही खटल्यात ओढणारा स्वतः अर्जदार नाही. बलसारांनी 'मला प्यायचे आहे' म्हणून नाव देऊन अर्ज केला, तसा 'मला ओढायचे आहे' म्हणणारा इथे दिसत नाही. का? बहुधा त्याला स्वतःलाच ते सोडायचे असते. व्यसनी माणसाच्या हक्काची हीच पंचाईत. जो हक्क मागायचा तोच उद्या नको असतो.

या शांततेतच कर्नाटकाने २०२४ साली केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. मे २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती येऊन ती लागू झाली. सार्वजनिक जागी ओढल्याचा दंड दोनशेवरून हजार रुपये. हुक्का बार चालवला तर किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षे कैद. हुक्काबंदीचा सरकारी आदेश त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयात टिकलाही होता. आणि तंबाखू विकत घ्यायचे वय अठरावरून एकवीस.

आता कर्नाटक कॉलेजच्या इमारतीकडे येऊ. सदर्न मराठा रेल्वेचे साहेब जिथे बसत तिथे आज अठरा, एकोणीस, वीस वर्षांची मुले शिकतात. धारवाडच्या इतर कॉलेजांत आपल्या गोव्याचीही आहेत. हा मुलगा १९८९ पासून मत देऊ शकतो. करार करू शकतो, कर्ज काढू शकतो, गुन्हा केला तर त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालतो. मडगावात तो सिगारेटचे पाकीट कायदेशीरपणे घेऊ शकतो. त्याच दिवशी गाडीत बसून धारवाडला उतरला की दुकानदाराने त्याला विकले तर दुकानदार गुन्हेगार. कॅसलरॉकला पूर्वी जकातवाले डब्यात चढून सामान तपासत. आता तपासनीस नाही, पण तिथे त्याचे सज्ञानपण तीन वर्षांनी कमी होते.

यावर उत्तर आहे, आणि ते हलके नाही. देशात तंबाखूने वर्षाला तेरा लाखांहून अधिक माणसे मरतात. सवय लागते ती बहुतेक कोवळ्या वयात, एकविशीपर्यंत थोपवले तर पुष्कळजण वाचतात असे डॉक्टर सांगतात, मला ते पटते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण देशात २८.६ टक्के, कर्नाटकात २२.८ आणि गोव्यात ९.७, देशात सर्वांत कमी. याचा मला आनंदच आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. गोव्यात हे प्रमाण कमी आहे ते अठराच्याच वयोमर्यादेत. शिवाय दुसऱ्याच्या श्वासाचा मुद्दा २००१ सालीच निकालात निघाला होता. वीस वर्षांच्या मुलाने मोकळ्या रस्त्यावर ओढलेल्या सिगारेटीने नुकसान होते ते त्याचे स्वतःचे. त्याला स्वतःपासून वाचवायचे असेल तर तसे म्हणा, आणि मग सांगा की मतदार म्हणून जो शहाणा आहे तो पानपट्टीसमोर अजाण कसा होतो. विधानसभेत कायदा करणाऱ्यांना याच मुलांनी निवडून दिले आहे.

सुटी सिगारेट विकायलाही कर्नाटकाने २०१७ सालीच बंदी केली होती. कारण योग्य होते, सुट्या सिगारेटीवर इशाऱ्याचे चित्र येत नाही. पण पुरे पाकीट घेणारा आणि एक घेऊन अर्धी विझवून ठेवणारा यांच्यात कमी ओढणारा कोण, हे हुबळीच्या दुर्गदबैलातल्या कुठल्याही हमालाला विचारा.

आणखी एक. वयाच्या या कलमाचा रोख विकणाऱ्यावर आहे. मुलाने ओढू नये असे ते म्हणत नाही, दुकानदाराने विकू नये असे म्हणते. ओळखपत्र बघायचे ते पानपट्टीवाल्याने, चुकला तर दंड त्याने भरायचा. मडगावहून आणलेले पाकीट खिशात घेऊन तो एकोणीस वर्षांचा मुलगा धारवाडच्या रस्त्यावर, मोकळ्या जागेत, उभा आहे. बाजूने कुणी जात असेल तर हात किंचित वर करायचा असतो, हे त्याला बहुधा कुणी सांगितलेले नाही.